दुपारच्या जेवणाचा संधी खर्च

अर्थशास्त्र शिकवणाऱ्या माणसाला एक वाक्य जन्मभर पुरतं. ‘इतर परिस्थिती कायम असताना.’ वस्तूची किंमत वाढली की मागणी घटते, किंमत उतरली की मागणी वाढते, हा नियम. पण तो खरा कधी, तर इतर परिस्थिती कायम असताना. म्हणजे माणसाचं उत्पन्न तेच, आवड तीच, घरात खाणारी तोंडं तेवढीच. मी हे दरवर्षी सांगते आणि दरवर्षी मागच्या बाकावरून कोणीतरी विचारतं, "म्याडम, असं असतंय व्हय कुठं?" नसतं. पण आमटी खारट कशानं झाली हे शोधायचं असेल तर मीठ आणि चिंच दोन्ही एकदम कमी-जास्त करून चालत नाही. एका वेळी एकच गोष्ट हलवायची आणि बाकीच्या थोपवून धरायच्या. हे मी इतक्या वेळा सांगितलंय की आता सांगताना माझं मलाच ऐकू येत नाही.

माझी स्वतःची परिस्थिती बरीच वर्षं कायम होती. गंगावेशीच्या मागच्या गल्लीत घर, तिथून चालत जाण्याजोगं ज्युनिअर कॉलेज, कला शाखेच्या मुलांना अर्थशास्त्र. नवरा फौंड्रीत, मुलगी लग्न होऊन पुण्याला. मग एका सकाळी चहाचा कप नवऱ्याच्या डाव्या हातातून सुटला आणि तो हात पुन्हा पूर्वीसारखा झाला नाही. पाय सावरला. काठी घेऊन ते गल्लीच्या टोकापर्यंत जातात. जिभेला मात्र काहीही झालं नाही, हे अख्ख्या गल्लीला ठाऊक आहे.

तेव्हापासून मधल्या सुट्टीची घंटा झाली की मी खडूचे हात पदराला पुसत घरी जायची. तव्यावर दोन भाकऱ्या टाकायच्या, आमटी गरम करायची, गोळ्या काढून ठेवायच्या, आणि दोघांनी समोरासमोर बसून जेवायचं. पहिला घास घेतला की त्यांचा प्रश्न ठरलेला. "आज काय शिकीवलंस?" मी सांगायची आणि ते खोड काढायचे. मी म्हणायची मागणीचा नियम, ते म्हणायचे कांदा महागला म्हणून तू कधी कमी चिरलास ते सांग. बहुतेक वेळा त्यांचं म्हणणं चुकीचंच असायचं, पण भांडता भांडता भाकरी संपायची. मग मी पळत पळत पुढच्या तासाला.

एकदा मात्र मी जे शिकवलं त्यावर ते पोट धरून हसले. विषय होता घटत्या सीमान्त उपयोगितेचा. नाव जडजंबाल आहे, गोष्ट सोपी आहे. एकच वस्तू एकामागून एक घेत गेलं की प्रत्येक पुढच्या नगापासून मिळणारं समाधान आधीच्यापेक्षा कमी होत जातं. पुस्तकात सफरचंदं दिलीत. आमच्या पोरांना सफरचंद आजारी माणसाला भेटायला जातानाच आठवतं, म्हणून मी एका संध्याकाळी अख्खा वर्ग दूधकट्ट्यावर नेला. तिथं म्हशी आणून उभ्या करतात, समोर धार काढतात आणि फेसाळ दूध तसंच ग्लासात देतात. मी म्हटलं, प्रत्येक ग्लासाला किती समाधान झालं ते दहापैकी गुण देऊन सांगायचं. पहिल्या ग्लासाला सगळ्यांचे दहा. दुसऱ्याला सात, सहा. तिसऱ्याला मुली हात जोडून बाजूला झाल्या. नियम अगदी पुस्तकात छापल्यासारखा चालला होता. फक्त एक पोरगा चौथ्याला दहा म्हणाला, पाचव्याला दहा म्हणाला आणि सहाव्यासाठी ग्लास पुढं केला. दूधवाला म्हणाला, "म्याडम, ह्याला न्हाय लागू व्हायचा तुमचा नियम. तालमीत जातंय ते." पुस्तकात या नियमाचे अपवाद दिलेले असतात, कंजूष, व्यसनी वगैरे. त्या वर्गानं त्यात तालमीतला पोरगा वाढवला, आणि एकानं तर ते चाचणीच्या पेपरात लिहून अर्धा गुण मागितला. मी दिला.

हे सगळं चालू असताना आमच्या वर्गात मुलं कमी होत गेली. कला शाखा म्हटलं की लोक नाक मुरडतात, आणि त्यातही अर्थशास्त्र म्हणजे नापास होण्याचा विषय, असा आमचा लौकिक. यंदा दहावीचा निकाल लागल्यावर प्राचार्यांनी आम्हाला बोलावून स्पष्टच सांगितलं. अकरावीला ठरलेला आकडा भरला नाही तर तुकडी बंद, आणि तुकडी बंद झाली तर मी अतिरिक्त. संस्थेची मलकापूरला शाखा आहे, तिथं अर्थशास्त्राला शिक्षक नाही. म्हणजे पहाटे उठून बस धरायची आणि दिवेलागणीला परत. मला मलकापूरचं वाईट वाटलं नाही, गाव चांगलं आहे. मला वाटलं ते दुपारचं. दुपारी त्यांना भाकरी कोण देणार, आणि मी कुणाशी भांडणार.

प्रवेश आता ऑनलाइन असतात. मुलांनी पहिल्या पसंतीला आपलं कॉलेज टाकावं म्हणून शिक्षकांनी घरोघर फिरायचं, ही आमची जून महिन्याची नोकरी. ज्यानं त्यानं आपापलं गाव वाटून घेतलं. माझ्या वाट्याला उचगाव आलं. बाजारात मागणी आणि पुरवठा कसे भेटतात हे वर्षभर शिकवायचं आणि जूनमध्ये पुरवठ्यानं स्कुटीवर बसून मागणीच्या दारात जायचं, याचं मला पूर्वी हसू यायचं. यंदा आलं नाही. गुडघे दुखत होते.

उचगावात लोक चांगले. दारात उभं करत नाहीत. "या की म्याडम, बसा, च्या घ्या." आणि प्रवेशाचं काढलं की, "बघू की, व्हय, तुमच्याकडंच टाकूया." वर्गात मी इच्छा आणि मागणी यातला फरक शिकवते. नुसतं हवंसं वाटणं ही इच्छा. ती भागवायची ऐपत असेल आणि त्यासाठी खर्च करायची तयारीही असेल, तरच तिला मागणी म्हणायचं. उचगावात मला इच्छा पोत्यानं मिळाली. चहाही मिळाला, चौथ्या घरी तो इतका नकोसा झाला की सीमान्त उपयोगिता शून्याच्या खाली जाते म्हणजे काय होतं ते पोटात कळलं. मी तरी तो प्यायले, कारण नको म्हटलं तर दार बंद व्हायचं.

शेवटचं घर पिठाच्या गिरणीचं. आई गिरणी चालवते, वडील टेंपोवर. मी गेले तेव्हा गिरणी बंद होती आणि दहावी झालेली मुलगी जमिनीवर मांडी घालून मोटारीचा स्टार्टर उघडून बसली होती. भुवयांवर पीठ, हातात टेस्टर. आई म्हणाली, "बरं झालं आलासा. हिला जरा शाणपण सांगा. आयटीआयला जातो म्हणतीया, इलेक्ट्रिशन का काय. पोरीच्या जातीला खांबावर चढायचं काम. बारावी झाली की स्थळं बरी येत्यात, मी तुमच्याकडंच घालणार हाय." शेजारच्या घरातली तिची मैत्रीणही तिथंच कट्ट्यावर बसलेली. आई पुढं म्हणाली, "ही जाईल तिकडं ती जाणार. एकटीला कोण धाडतंय बसनं?"

म्हणजे दोन मुली. अर्थशास्त्रात यांना पूरक वस्तू म्हणतात. चहापत्ती घेतली की साखर घ्यावीच लागते, एकीची मागणी वाढली की दुसरीची आपोआप वाढते. मी मनात आकड्यात दोन मिळवले. मला फक्त आईच्या बोलण्यावर मान डोलवायची होती.

तेवढ्यात मुलीनं विचारलं, "म्याडम, तुमी शिकीवतासा ते अर्थशास्त्र म्हंजे नेमकं काय असतंय?"

एवढ्या वर्षांत हा प्रश्न मला कुणी दारात विचारला नव्हता. विचारतात ते बस पासचं, गणवेशाचं. आणि शिक्षकाला प्रश्न विचारला की त्याचं तोंड आपोआप उघडतं, ही खोड जात नाही. मी म्हटलं, "माणसाला हवं असतं खूप आणि हातात असतं थोडं. वेळ थोडा, पैसा थोडा, ताकद थोडी. मग निवडावं लागतं. ते निवडणं कसं चालतं, त्याचा अभ्यास."

"आन निवडायचं कसं?"

"एक लक्षात ठेवायचं. काही निवडलं की दुसरं काही सुटतं. जे सुटलं त्यातलं सगळ्यात चांगलं जे, ती आपल्या निवडीची खरी किंमत. तिला संधी खर्च म्हणतात. फी कमी म्हणून काही स्वस्त होत नाही. शेतात ऊस लावला तर त्या रानात होणारा भुईमूग गेला, तो उसाचा संधी खर्च."

ती टेस्टर हातात फिरवत विचार करत होती. मग म्हणाली, "म्हंजे तुमच्याकडं आलो, तर माझं आयटीआय जाणार. ही तुमच्या कॉलेजची किंमत." आमच्याकडच्या मुली अशाच बोलतात, आलो, गेलो. मी हो म्हटलं.

"आन हितनं तिकडं गेलो तर तुमचं कॉलेज जाणार. मग ह्यातलं जास्त कुठलं?"

आई माझ्याकडं बघत होती. मैत्रीण माझ्याकडं बघत होती. मला दुपारची भाकरी दिसत होती, खोटं कशाला सांगू. पण त्या पोरीनं स्टार्टरचे स्क्रू एका वाटीत ओळीनं मांडून ठेवले होते, आणि तिचं लक्ष बोलता बोलताही त्या वाटीवर होतं. मी म्हटलं, "ते ज्याचं त्यानं ठरवायचं असतं. पण तुला हे उघडायला आवडतं ना?"

"लई."

"मग तुझ्यासाठी आमचं कॉलेज महाग पडेल."

आईनं मला चहा दिला नाही. तेवढं एक बरं झालं.

परत येताना मला स्वतःचा राग आला. पोरीनं बारावी केली असती तर काही आभाळ कोसळणार नव्हतं. आयटीआय बारावीनंतरही करता येतं, हे मला त्या वेळी का सुचलं नाही, का सुचूनही बोलले नाही, हे माझं मलाच उलगडलं नाही. मी थकले होते, एवढं खरं. थकलेलं माणूस खोटं बोलायचेही कष्ट घेत नाही.

घरी जेवताना सगळं सांगितलं. ते आमटीत भाकरी कुस्करत ऐकत होते. एका हातानं कुस्करायला वेळ लागतो. म्हणाले, "तू पण येडीच हायस." मग भाकरी संपवून, "म्हंजे आता मलकापूर."

मी म्हटलं, "अजून आकडा कुठं लागलाय?"

आकडा लागला तेव्हा दोन कमी पडले. प्राचार्य चांगले आहेत, त्यांनी मला बसायला खुर्ची दिली आणि "दोनच, म्याडम" असं दोनदा म्हणाले. मी त्यांना गिरणीचं काही बोलले नाही. त्याच आठवड्यात त्या मुलीचा फोन आला होता. "म्याडम, लागला नंबर. दोघींचाबी." आवाजात इतका आनंद होता की मला तिच्यावर चिडताही आलं नाही.

मलकापूरची मुलं साधी आहेत, ऐकून घेतात. तिथंही मी पहिल्या तासाला तेच वाक्य सांगितलं. घरी नवी व्यवस्था लावली. पहाटे उठून भाकऱ्या करायच्या, फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवायच्या, आमटी शेगडीवर, गोळ्या वाटीत. दुपारी स्टाफरूममधून फोन करायचा. "जेवलासा का?" "जेवलो की." "गोळ्या?" "घेतल्या की." एवढंच. त्यांना फोनवर बोलायला आवडत नाही आणि मला बाकीच्या शिक्षकांसमोर भांडता येत नाही. संध्याकाळी घरी आलं की डबा धुऊन पालथा घातलेला असायचा. एका हातानं डबा धुतात याचं मला कौतुक वाटायचं. बसमध्ये उभी राहून घरी येताना मी स्वतःला समजवायची की माणसाला सगळ्याची सवय होते, त्यांना झाली, मलाही होईल. मला होत नव्हती, पण निदान एकाला झाली यावर मी समाधान मानत होते.

मग पहिली चाचणी आली. पेपर दुपारीच संपले आणि मला नेहमीच्या आधीची बस मिळाली. मी गल्लीत वळले ती वेळ म्हशी कट्ट्याकडं जायची. रोज त्या आमच्याच दारावरून जातात, पण मलकापूर सुरू झाल्यापासून कामाच्या दिवशी त्या वेळी मी कधी घरी नसायची. पुढच्या दोन म्हशी निघून गेल्या. तिसरी आमच्या दारात थांबली, आपल्या दावणीला थांबावी तशी. आणि आमचे हे उंबऱ्यात चौकटीला टेकून उभे, काठी बगलेत, उजव्या हातात माझी पहाटेची भाकरी. त्यांनी ती दुमडून म्हशीच्या तोंडात दिली. मग दुसरी दिली. डबा मागं पायरीवर उघडा होता.

दूधवाल्यानं मला बघितलं. कट्ट्यावर सहा ग्लास मोजलेलाच तो. म्हणाला, "म्याडम, तुमच्या भाकरीला चटावलीया ही. हितनं हलतच न्हाय, रोजचंच हाय तिचं."

रोजचंच.

दूधवाला म्हशीला थाप मारून पुढं गेला. आम्ही घरात आलो. आमटीचं भांडं तसंच होतं, वर पापुद्रा धरलेला. ती आमटी ते रात्री गरम करून माझ्याबरोबर जेवायचे आणि मी समजायची की दुपारची उरली. मी विचारलं, "गोळ्या कशावर घेता?"

"च्या-बिस्कुटावर."

"आणि फोनवर जेवलो म्हणून सांगता."

"खरं सांगून तू काय करणार हुतीस? बस वळवून आणणार हुतीस?" मग काठी भिंतीला लावत, माझ्याकडं न बघता म्हणाले, "एकट्याला घास उतरत न्हाय. करून बघितलं की चार दिवस."

मला रडू आलं आणि रागही आला, आणि दोन्ही करायला अंगात त्राण नव्हतं, म्हणून मी तवा चढवला. संधी खर्च शिकवताना मी नेहमी सांगते की जो निवडतो तो किंमत मोजतो. पुस्तकातही तसंच गृहीत धरलेलं असतं. उचगावात त्या गिरणीत बसून निवडलं मी, आणि त्याची किंमत रोज दुपारी उपाशी बसून हे मोजत होते, ती मला दिसू नये म्हणून म्हशीला चारत होते. आणि दुसरंही एक चुकलं होतं. इतकी वर्षं रोज तीच भाकरी, तेच भांडण, तोच समोरचा माणूस. नियमानं त्यांचं समाधान केव्हाच शून्यावर यायला हवं होतं. यांनाही नियम लागू नव्हता.

ताज्या भाकरीचा पहिला घास घेतल्यावर ते म्हणाले, "आज काय शिकीवलंस?"

"काही नाही. चाचणी होती."

"मग सुपरविजन केलंस म्हण. पोरास्नी कॉपी करू दिलीस का न्हाय?" आणि आमचं भांडण सुरू झालं.

बदली काही रद्द होणार नाही, आणि निवृत्तीला अजून अवकाश आहे. आता आम्ही एक करतो. दुपारी मी डबा घेऊन मलकापूरच्या कॉलेजमागच्या ओट्यावर जाऊन बसते, फोन लावते आणि मांडीवर ठेवते. तिकडं ते फोन ताटाशेजारी ठेवतात. दोघांनी एकदम पहिला घास घ्यायचा. आवाज कधी येतो, कधी तुटतो. भाकरी चावल्याचा आवाज नीट आला नाही तर मी "जेवताय ना?" म्हणते, आणि ते मुद्दाम मोठ्यानं कांदा फोडतात. म्हैस अजून दारात थांबते म्हणे, तिला ते शिळा तुकडा देतात.

परवा असंच जेवताना त्यांनी विचारलं आज काय शिकवलं. मी म्हटलं, संधी खर्च. पलीकडं ताट सरकवल्याचा आवाज आला.

"ती गिरणीवाली पोरगी जाती का गं रोज आयटीआयला?"

"जाते. मैत्रीणपण जाते. आईच्या गिरणीची मोटार हिनंच दुरुस्त करून दिली म्हणे."

"बरं झालं," ते म्हणाले. "मग जेव की आता."